‘युलिसिस’ची संहिता: दुरुस्त्यांची शंभर वर्षं

१९२१ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या दिजाँ शहरात, मोरिस दारांतिएर यांच्या छापखान्यात, एका इंग्रजी कादंबरीची हाताने खिळेजुळणी सुरू झाली. जुळाऱ्यांपैकी बहुतेकांना इंग्रजीचा गंध नव्हता. टंकलिखितातलं अक्षर बघायचं, केसमधून तोच खिळा उचलायचा, ओळ भरली की पुढच्या ओळीला लागायचं. शब्द काय म्हणतो आहे हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. त्यातून ही कादंबरी अशी, की इंग्रजीत मुरलेल्या वाचकालाही एखादा शब्द छापताना चुकला आहे की लेखकाला तो तसाच हवा आहे, हे छातीठोकपणे सांगता येऊ नये. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ती हीच. गेल्या शंभर वर्षांत तिच्या दुरुस्त आवृत्त्या एकामागून एक निघत आल्या. प्रत्येकीने आधीच्या चुका काढल्या आणि थोड्या नव्या घातल्या. आजही एकाच पुस्तकाच्या दुकानात तिच्या तीन वेगळ्या संहिता शेजारी शेजारी मिळू शकतात.

कादंबरीचं सूत्र थोडक्यात सांगता येतं. १६ जून १९०४ हा एक दिवस, डब्लिन हे एक शहर, आणि अठरा प्रकरणं. लिओपोल्ड ब्लूम हा वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा साधा माणूस दिवसभर शहरातून फिरतो. स्टीफन डेडॅलस हा तरुण शिक्षक आपल्या वाटेने फिरतो आणि रात्री दोघांची गाठ पडते. शेवटचं प्रकरण ब्लूमची बायको मॉली हिच्या मनातला अखंड ओघ आहे. होमरच्या ‘ओडिसी’चा सांगाडा या सगळ्याच्या आत उभा आहे. संज्ञाप्रवाह हे लेखनतंत्र मराठीत मर्ढेकरांनी १९४२ च्या ‘रात्रीचा दिवस’मध्ये आणलं, ते इंग्रजीत ज्या पुस्तकांमुळे रुजलं त्यांत ‘युलिसिस’ अग्रभागी आहे.

आयरिश लेखकाचं इंग्रजी पुस्तक फ्रान्समध्ये का छापावं लागलं, तर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ते छापायची कुणाची छाती नव्हती म्हणून. न्यूयॉर्कच्या ‘द लिटल रिव्ह्यू’ या मासिकात मार्च १९१८ पासून त्याची प्रकरणं क्रमशः येत होती. अश्लीलतेच्या आरोपाखाली मासिकाच्या संपादिका मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप यांच्यावर खटला झाला आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये दोघींना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. त्यानंतर अमेरिकेतले प्रकाशक मागे हटले. इंग्लंडमध्ये तर मजकुरासाठी छापखान्याचा मालकही कायद्याने जबाबदार धरला जाई, त्यामुळे मुद्रकच मिळेना. अशा वेळी पॅरिसमध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे छोटं पुस्तकाचं दुकान आणि वाचनालय चालवणाऱ्या सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी, आधी एकही पुस्तक प्रकाशित केलेलं नसताना, हे काम अंगावर घेतलं. १००० प्रती काढायच्या ठरल्या. हातकागदावरच्या, लेखकाच्या सहीच्या १०० प्रती ३५० फ्रँकला, मधल्या दर्जाच्या १५० प्रती २५० फ्रँकला, आणि उरलेल्या ७५० प्रती १५० फ्रँकला. पैसे आगाऊ नोंदणीतून उभे राहायचे होते.

चुकांची सुरुवात मात्र छापखान्याच्या कितीतरी आधी झाली होती. जॉइस हाताने लिहीत असे. त्याचे डोळे आयुष्यभर दुखत राहिले आणि त्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या हस्तलिखितावरून वेगवेगळ्या टंकलेखकांनी कार्बन घालून प्रती केल्या. यातली एक प्रत मासिकासाठी पुढे जाई, दुसरी जॉइसकडे राही. पण एका प्रतीवर केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर उतरलीच असं नव्हतं. महिने उलटल्यावर जॉइस हातातली प्रत पुन्हा तपासायला घेई, तेव्हा आधी काय बदललं होतं ते त्याला आठवत नसे, किंवा आठवलं तरी आता त्याला वेगळंच सुचत असे. पंधराव्या प्रकरणाच्या बाबतीत तर आगच लागली. एप्रिल १९२१ मध्ये ते पॅरिसमधल्या एका इंग्रज बाईंकडे टंकलेखनाला दिलेलं होतं. त्यांच्या नवऱ्याने टेबलावरचा मजकूर वाचला आणि संतापून काही पानं शेगडीत टाकली. जॉइसने त्या प्रकरणाची सुवाच्य प्रत न्यूयॉर्कचे वकील आणि संग्राहक जॉन क्विन यांना आधीच विकलेली होती. तिच्या छायाप्रती समुद्रापलीकडून मागवून भगदाड बुजवावं लागलं.

मग मुद्रितं येऊ लागली, आणि इथे या पुस्तकाची खरी नवलकथा आहे. बहुतेक लेखक मुद्रितं चुका काढण्यासाठी तपासतात. जॉइस मुद्रितांवर कादंबरी लिहीत होता. दारांतिएर यांच्याकडून एका मोठ्या कागदावर आठ पानं अशी प्रुफं येत. समास भरपूर रुंद असत आणि जॉइस ते समास भरून टाकी. वाक्यात शब्द घुसत, दोन वाक्यांमध्ये परिच्छेद घुसत, बाण आणि रेघा एकमेकींवरून जात. तो कागद दिजाँला परत जाई, जुळारी ओळी मोडून नव्याने जुळवत, नवीन प्रुफ येई आणि जॉइस पुन्हा भर घाली. मुद्रकाने बीच यांना सावध केलं की हा खर्च हाताबाहेर जाईल. त्यांनी निरोप पाठवला की लेखकाला हवी तितकी प्रुफं द्या. त्यांच्या हिशेबाने कादंबरीचा सुमारे एक तृतीयांश भाग असा मुद्रितांवर लिहिला गेला. शेवटची दोन प्रकरणं तर आधीच्या प्रकरणांची छपाई चालू असताना लिहून व्हायची होती. त्या बाईंचा हा निर्णय मला प्रकाशनाच्या इतिहासातला फार मोठ्या मनाचा निर्णय वाटतो. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली. पण भाषा न जाणणाऱ्या जुळाऱ्यांच्या हातात प्रत्येक फेरीला नवा हस्तलिखित मजकूर पडत गेला आणि जुन्या चुका सुधारताना नव्या जन्मत गेल्या, हेही खरंच आहे.

२ फेब्रुवारी १९२२ ला जॉइसची चाळिशी भरत होती, आणि पुस्तक त्याच दिवशी हवं असा त्याचा हट्ट होता. सकाळी दिजाँहून पॅरिसला येणाऱ्या एक्स्प्रेस गाडीच्या कंडक्टरकडे दारांतिएर यांनी दोन प्रती सोपवल्या. बीच यांनी स्टेशनवर जाऊन त्या घेतल्या, एक जॉइसला दिली आणि दुसरी दुकानाच्या खिडकीत ठेवली. मुखपृष्ठ ग्रीक झेंड्याच्या निळ्या रंगाचं, त्यावर पांढरी अक्षरं. आत ७३२ पानं, आणि सुरुवातीलाच प्रकाशकाची एक छोटी विनंती: असामान्य परिस्थितीत राहून गेलेल्या मुद्रणदोषांबद्दल वाचकाने क्षमा करावी.

पुढच्या दहा वर्षांत ती क्षमा वाचकाला पुन्हा पुन्हा करावी लागली. त्याच वर्षी लंडनच्या हॅरिएट शॉ वीव्हर यांनी दिजाँलाच २००० प्रतींची दुसरी छपाई करून घेतली, तिच्यातल्या सुमारे ५०० प्रती अमेरिकेच्या टपालखात्याने जप्त केल्या. जानेवारी १९२३ मध्ये ५०० प्रतींची आणखी एक छपाई निघाली. तिच्यातल्या ४९९ इंग्लंडच्या फोकस्टन बंदरात कस्टम्सच्या हाती पडल्या. १९२६ मध्ये बीच यांनी पुस्तक नव्याने जुळवून घेतलं. त्यात जुन्या चुका गेल्या आणि नव्या आल्या. १९३२ मध्ये हॅम्बुर्गच्या ओडिसी प्रेसने स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्याकडून तपासून घेतलेली आवृत्ती काढली आणि ती बराच काळ सर्वांत शुद्ध मानली गेली.

याच दरम्यान न्यूयॉर्कच्या सॅम्युएल रॉथ या माणसाने ‘युलिसिस’ची चोरटी छपाई केली. त्याने आधी आपल्या मासिकात कादंबरीचे तुकडे परवानगीशिवाय छापले होते आणि त्याविरुद्ध २ फेब्रुवारी १९२७ ला जगभरच्या १६७ लेखक-विचारवंतांच्या सहीचं निषेधपत्र निघालं होतं. १९२९ मध्ये त्याने पॅरिसच्या आवृत्तीची हुबेहूब नक्कल काढली, प्रकाशकाच्या नावासकट. बाहेरून ओळखू येऊ नये इतकी ती जुळत होती, आतून मात्र चुकांनी भरलेली होती. पुढे ६ डिसेंबर १९३३ ला न्यायाधीश जॉन वुल्सी यांनी हे पुस्तक अश्लील नाही असा निकाल दिला. साहित्याच्या स्वातंत्र्यावर बोलताना आजही त्या निकालाचं नाव निघतं. रॅन्डम हाउस या प्रकाशनसंस्थेने लगोलग जुळणीला सुरुवात केली आणि जानेवारी १९३४ मध्ये अमेरिकेतली पहिली कायदेशीर आवृत्ती बाजारात आणली. जुळाऱ्यांसमोर मूळ प्रत म्हणून ठेवली गेली होती ती रॉथची चोरटी प्रत! कायद्याने मुक्त केलेल्या पुस्तकाची संहिता बेकायदा निघाली, आणि अमेरिकन वाचकांच्या पिढ्यांनी तिचे अवशेष वाचले.

पण ‘चूक’ म्हणजे नेमकं काय, हे या कादंबरीत ठरवणं सोपं नाही, कारण मुद्रणदोष हा तिच्या आशयाचाच एक धागा आहे. ब्लूम एका ओळखीच्या माणसाच्या अंत्ययात्रेला जातो. संध्याकाळच्या वर्तमानपत्रात हजर असलेल्यांची यादी येते, आणि तिच्यात ब्लूमच्या आडनावातला ‘ल’ गळून तो ‘बूम’ झालेला असतो. सातवं प्रकरण तर वर्तमानपत्राच्या कचेरीतच घडतं. तिथे ब्लूम जुळाऱ्याला उलटे खिळे उजवीकडून डावीकडे वाचताना पाहतो, आणि त्याला आपला बाप हिब्रू धर्मग्रंथ उजवीकडून डावीकडे वाचत असे ते आठवतं. मार्था नावाची बाई ब्लूमला चोरून पत्र लिहिते. तिच्या हातून एक जादा अक्षर पडतं, ‘शब्द’ लिहायचं तिथे ‘जग’ होऊन बसतं, आणि ती चूक ब्लूमच्या डोक्यात दिवसभर घोळत राहते.

आता अशा पुस्तकाच्या मुद्रितशोधकाची अवस्था पाहा. तिसऱ्या प्रकरणात स्टीफनला एक तार आठवते. आई मरणपंथाला लागली आहे, घरी ये, अशी वडिलांनी पॅरिसला केलेली तार. जॉइसच्या हस्ताक्षरात त्या तारेचा पहिला शब्द ‘मदर’ नाही, ‘नदर’ आहे. तारयंत्रावरून अशी चूक सहज होते. आईच्या मरणाची बातमी देणारा कागदच चुकीच्या अक्षराने सुरू व्हावा, हा तपशील जॉइसने हेतुपूर्वक ठेवलेला आहे. कुणा सद्भावी हाताने ‘न’चा ‘म’ केला, आणि साठ वर्षं सगळ्या आवृत्त्यांत तार शुद्ध छापली गेली. सतराव्या प्रकरणाचा शेवटही असाच. ते प्रकरण प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि ब्लूम झोपेत बुडताना विचारलेल्या अखेरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जॉइसला एक ठसठशीत काळा ठिपका हवा होता. तो नीट दिसेल इतका मोठा असावा असं त्याने मुद्रकाला बजावलं होतं. पुढच्या काही आवृत्त्यांत तो ठिपका शाईचा डाग समजून की काय, गाळला गेला. वाचकाला उत्तरच मिळेनासं झालं.

या गुंत्यात हात घातला म्युनिक विद्यापीठाचे हान्स वाल्टर गाब्लर यांनी. शेक्सपिअरकालीन नाटकांच्या मुद्रणावर काम केलेला हा जर्मन अभ्यासक. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉइसच्या उपलब्ध हस्तलिखितांच्या आणि मुद्रितांच्या छायाप्रतींचे ६३ खंड न्यूयॉर्कच्या गार्लंड या संस्थेने छापले. मूळ कागद फिलाडेल्फिया, बफेलो, हार्वर्ड, ऑस्टिन, प्रिन्स्टन असे विखुरलेले होते, ते आता निदान छायारूपाने एका खोलीत आणता आले. वोल्फहार्ड श्टेपे आणि क्लाउस मेल्शिओर या सहकाऱ्यांसह गाब्लर यांनी सात वर्षं हे काम केलं. पाठ ताडून पाहण्यासाठी ट्यूबिंगेन विद्यापीठात तयार झालेली ‘टुस्टेप’ ही संगणकप्रणाली वापरली. संगणक अजून घरोघर पोचायचा होता त्या काळातली ही गोष्ट.

त्यांनी उचललेलं पाऊल धाडसाचं होतं. रीत अशी, की संपादकाने एक छापील आवृत्ती पायाभूत धरायची आणि तिच्यातल्या चुका दुरुस्त करायच्या. गाब्लर यांनी १९२२ ची छापील प्रत पायाभूत धरायलाच नकार दिला. त्यांचं म्हणणं असं: लेखकाने आपल्या हाताने काय लिहिलं ते आपल्याकडे आहे, सुवाच्य प्रत, टंकलिखितावरच्या दुरुस्त्या, मुद्रितांच्या समासातली भर, सगळं. मग टंकलेखक आणि जुळारी यांच्या हातून झालेली भेसळ वगळून फक्त जॉइसच्या हातचं तेवढं लिहिलं गेलं त्या क्रमाने एकावर एक रचू या. जी संहिता उभी राहील तीच खरी. अशी संहिता कुठल्याही एका कागदावर कधीच अस्तित्वात नव्हती. ती नव्याने बांधावी लागली. जून १९८४ मध्ये, ब्लूमच्याच दिवशी, १६ तारखेला, तिचे तीन खंड प्रसिद्ध झाले. उघडलेल्या पुस्तकाच्या डाव्या पानावर खुणांनी लगडलेला मजकूर: कोणता शब्द पहिल्या खर्ड्यातला, कोणता टंकलिखितावर वाढवलेला, कोणता तिसऱ्या मुद्रितात आलेला, कोणता लिहून खोडलेला. उजव्या पानावर त्याच मजकुराचं स्वच्छ, वाचनीय रूप. डावं पान वाचायला शिकलं की कादंबरी लिहिली जाताना दिसते. मला विसाव्या शतकातल्या ग्रंथसंपादनाचा हा एक अजोड नमुना वाटतो, आणि त्यावर पुढे झालेली टीका जमेला धरूनही वाटतो.

पाच हजारांहून अधिक दुरुस्त्या केल्याचा दावा होता. त्यांतल्या पुष्कळशा विरामचिन्हांच्या आणि शब्द जोडण्या-तोडण्याच्या. तार पुन्हा ‘नदर’ झाली. सर्वांत गाजली ती नवव्या प्रकरणात परत आणलेल्या काही ओळींची दुरुस्ती. पंधराव्या प्रकरणात स्टीफन मेलेल्या आईच्या आभासाला विचारतो की सर्व माणसांना ठाऊक असलेला तो शब्द कोणता, आणि वाचकाला बासष्ट वर्षं त्याचं उत्तर पुस्तकात मिळालं नव्हतं. हस्तलिखितात ते आधीच येऊन गेलेलं आहे: प्रेम. गाब्लर यांच्या मते टंकलेखकाची नजर एका ओळीवरून सारख्या दिसणाऱ्या पुढच्या ओळीवर घसरली आणि मधला मजकूर गळला. जॉइसचे चरित्रकार रिचर्ड एलमन यांना या ओळींत कादंबरीचं मर्म सापडलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की जॉइसनेच ते उत्तर फार उघड वाटलं म्हणून गाळलं नसेल कशावरून? ज्या कागदावरून टंकलेखन झालं तो कागद हरवलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना अनुमानावरच उभं राहावं लागतं.

आणि इथेच वादाचा दरवाजा उघडला. १९८५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका विद्वत्सभेत जॉन किड या तरुण अमेरिकन अभ्यासकाने गाब्लर यांच्या समोरच त्यांच्या कामावर हल्ला चढवला. ३० जून १९८८ च्या ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये त्याचा दीर्घ लेख आला आणि वाद सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचला. किडचा मुख्य आक्षेप असा, की मूळ कागदांऐवजी छायाप्रतींवर भिस्त ठेवल्याने गाब्लर फसले. दोन उदाहरणं सगळ्यांच्या लक्षात राहिली. दहाव्या प्रकरणात शर्यतीत भाग घेणाऱ्यांची नावं येतात, त्यांत हॅरी थ्रिफ्ट हा डब्लिनचा खराखुरा खेळाडू आहे. नव्या आवृत्तीत तो ‘श्रिफ्ट’ झाला होता. पाचव्या प्रकरणात क्लबच्या खिडकीची काच फोडणारा चेंडू टोलावणारा क्रिकेटपटू कॅप्टन बुलर, तोही खरा माणूस, ‘कलर’ झाला होता. जॉइस परदेशात बसून डब्लिनच्या रस्त्यांची, दुकानांची, माणसांची नावं पत्रं लिहून खात्री करून घेत असे. त्याच्या पुस्तकात खऱ्या माणसाचं नाव बदलणं ही लहान चूक नव्हे.

या दोन नावांपेक्षा खोल प्रश्न वेगळा होता. जॉइसने क्विन यांना विकलेली कादंबरीची सुवाच्य प्रत पुढे १९२४ च्या लिलावात फिलाडेल्फियाचे ग्रंथव्यापारी रोझेनबाख यांनी १९७५ डॉलरला घेतली आणि आज ती त्यांच्या नावच्या संग्रहालयात आहे. कित्येक प्रकरणांचं टंकलिखित तिच्यावरून झालेलंच नाही. ते दुसऱ्या, आता हरवलेल्या प्रतीवरून झालं. मग तिच्यातला शब्द टंकलिखितातल्या शब्दाहून वेगळा असेल, तर टंकलेखक चुकला म्हणायचं की लेखकाने मधल्या हरवलेल्या कागदावर विचार बदलला म्हणायचं? शिवाय जॉइसने चूक पाहून ती तशीच राहू दिली असेल, तर ती त्याची झाली की जुळाऱ्याची राहिली?

मराठी वाचकाला हे प्रश्न परके वाटू नयेत. पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध केली, ही आपल्या परंपरेतली आदराची गोष्ट आहे. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्या शास्त्राने उभी केली, ते शास्त्र त्यांनी बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली घोटलं होतं. त्याच जर्मन पाठचिकित्सेच्या परंपरेत गाब्लर वाढले. त्या शास्त्राचा एक जुना नियम असा, की दोन पाठांपैकी जो अवघड तो बहुधा मूळचा, कारण नकला करणारा माणूस अवघड असेल ते सोपं करतो, सोपं असेल ते अवघड करत नाही. ‘नदर’चं ‘मदर’ होतं, उलट होत नाही. फरक इतकाच, की सुकथनकरांसमोर शेकडो पोथ्या होत्या आणि कर्त्याच्या हातचं एकही अक्षर नव्हतं. गाब्लर यांच्यासमोर कर्त्याच्या हातची अक्षरं इतकी होती की त्यांतलं शेवटचं कोणतं, हाच प्रश्न झाला.

डी. एच. लॉरेन्सच्या ‘सन्स अँड लव्हर्स’चं दुखणं याच्या उलट्या जातीचं होतं. १९१३ मध्ये ती छापताना एडवर्ड गार्नेट या संपादकाने हस्तलिखिताचा सुमारे दहावा हिस्सा कापला. लॉरेन्सने ते मान्य केलं आणि पुस्तक गार्नेटलाच अर्पण केलं. १९९२ मध्ये केंब्रिजने हेलन बॅरन आणि कार्ल बॅरन यांच्या संपादनाखाली कापलेला सगळा मजकूर परत घातला. एका अर्थी लेखकाला न्याय मिळाला. दुसऱ्या अर्थी ऐंशी वर्षं वाचकांनी जी कादंबरी वाचली, जिच्यावर टीका लिहिली, ती अचानक ‘अपुरी’ ठरली. तीही लॉरेन्सच्या संमतीचीच होती. मला दोन्ही आवृत्त्या जवळ ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग वाटतो.

‘युलिसिस’चे प्रकाशकही अखेर त्याच मार्गावर आले. १९८६ मध्ये गाब्लर यांची संहिता साध्या, स्वस्त रूपात बाजारात आली तेव्हा जुन्या आवृत्त्या बंद केल्या गेल्या होत्या. किडच्या लेखानंतर रॅन्डम हाउसने पाठचिकित्सक जी. टॉमस टॅन्सेल यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली, आणि १९९० मध्ये १९६१ सालची जुनी संहिता पुन्हा छापायला घेतली. किडची स्वतःची आवृत्ती जाहीर झाली होती, ती कधीच निघाली नाही. १९९३ मध्ये ऑक्सफर्डने वेगळाच निर्णय घेतला: १९२२ ची पहिली आवृत्ती आहे तशी, तिच्या चुकांसकट, छायाचित्रपद्धतीने छापायची आणि चुकांची यादी मागे जोडायची.

हक्कांच्या कायद्यानेही यात हात धुऊन घेतले. जॉइस १३ जानेवारी १९४१ ला झुरिकमध्ये वारला. त्या हिशेबाने मृत्यूनंतरच्या पन्नास वर्षांची मुदत १९९१ च्या अखेरीस संपली आणि युरोपात त्याची पुस्तकं खुली झाली. चारच वर्षांत युरोपीय महासंघाने मुदत सत्तर वर्षांची केली, आणि खुलं झालेलं पुस्तक २०११ च्या अखेरपर्यंत पुन्हा बंदिस्त झालं. (आपल्याकडेही त्याच सुमाराला पन्नासची साठ वर्षं झाली. त्याला निमित्त रवींद्रनाथांचे हक्क होते, कारण तेही १९४१ मध्येच गेले.) या मधल्या काळात डॅनिस रोझ यांनी १९९७ मध्ये वाचकांसाठी सोपी केलेली आवृत्ती काढली. विरामचिन्हं बदलली, शब्द सुटे केले, अडखळणारी वाक्यं नीट बसवली. जॉइसच्या वारसांनी दावा लावला आणि २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात प्रकाशक हरले. माझं मत विचाराल तर, वाचकाविषयी कळवळा असूनही रोझ यांचा रस्ता चुकला. अडखळणं हा त्या गद्याचा स्वभाव आहे.

कागदही अजून सापडतच आहेत. पंधराव्या प्रकरणाचा एक खर्डा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने डिसेंबर २००० मध्ये १५ लाख डॉलर देऊन घेतला. २००२ मध्ये त्याच ग्रंथालयाने जॉइसचे पॅरिसमधले स्नेही पॉल लेओं यांच्या संग्रहातली, कुणाला ठाऊकही नसलेली हस्तलिखितं १ कोटी २६ लाख युरोंना विकत घेतली. त्यांत ‘युलिसिस’च्या अनेक प्रकरणांचे असे खर्डे आहेत, जे गाब्लर यांनी काम केलं तेव्हा कुणीच पाहिलेले नव्हते. संहितेचा निवाडा लागला असं म्हणायची वेळ त्यामुळे आणखी लांबली.

तुमच्याकडच्या प्रतीच्या समासात दर काही ओळींनी आकडे छापलेले असतील, तर ती गाब्लर यांची. नसतील तर बहुधा १९२२ किंवा १९६१ च्या वंशातली. हे ओळींचे आकडे १९८४ मध्ये पहिल्यांदा आले, प्रत्येक प्रकरणासाठी वेगळे. आज जगात कुठेही ‘युलिसिस’वर शोधनिबंध लिहायचा तर अवतरणाचा पत्ता प्रकरण आणि ओळ याच आकड्यांनी दिला जातो. गाब्लर यांच्या संहितेत खोट काढणारे अभ्यासकसुद्धा ती खोट कुठे आहे हे गाब्लर यांच्याच ओळीच्या क्रमांकाने सांगतात.